आधी दोर, मग गाणं : जळगावातली कामाच्या गाण्यांची बैठक

नारळाच्या काथ्याचा दोर, जाडी पाऊण इंच, लांबी पन्नास फूट. एक टोक छताच्या लोखंडी तुळईला टांगलेल्या गराडीवरून (कप्पीवरून) खाली येऊन रेतीच्या दोन पोत्यांना बांधलेलं; पोती मिळून साधारण ऐंशी किलो. दुसऱ्या टोकाला आठ जण एकामागे एक, आणि सगळ्यांत मागे एक जण लाकडी खांबाला दोराचे दोन वेढे देऊन उभा. म्होरक्या एकटा ओळ म्हणतो. तेवढ्यात आठही जण एका हाताने दोर धरून दुसरा हात पुढे सरकवतात, पाय रोवतात. दोर अजून जागच्या जागी. मग सगळे मिळून धृपद उचलतात आणि त्यातल्या दोन जोराच्या अक्षरांवर दोन हिसके बसतात. दर हिसक्याला पोती वीतभर वर जातात, मागचा माणूस खांबावर ढील ओढून घेतो, म्होरक्याची पुढची ओळ सुरू होते. पाच-सहा कडव्यांत पोती तुळईला टेकतात आणि गाणं तिथेच तुटतं, कडवी उरली असली तरी. जहाजावरही असंच व्हायचं. शीड जागेवर गेलं की वरून आरोळी यायची आणि गाणं अर्ध्या ओळीत थांबायचं.

ही शँटी. १९ व्या शतकातल्या शिडाच्या व्यापारी जहाजांवर दोर ओढताना, नांगर उचलताना, तळाशी साचलेलं पाणी उपसताना म्हटली जाणारी गाणी. ब्रिटिश युद्धनौकांवर ती नव्हती. तिथे माणसं भरपूर आणि काम करताना गप्प राहण्याची शिस्त. व्यापारी जहाजावर मालक खलाशी मोजूनमापून घेई, म्हणून असलेल्या माणसांचा जोर एकाच क्षणी लागणं गरजेचं होतं. ते काम गाण्याने केलं.

समुद्र जिथून शेकडो किलोमीटर लांब, त्या जळगावात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, बंद पडलेल्या एका जिनिंगच्या (कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या) आवारात ही बैठक भरते. वेळ साडेसहा ते नऊ. चैत्र-वैशाखात पत्र्याखाली थांबवत नाही, तेव्हा आठला सुरू. वर्गणी शंभर रुपये, त्यात चहा. पहिला अर्धा वेळ शँटी, नंतरचा अर्धा वेळ आपल्याकडची कामाची गाणी : घरोटावरच्या (जात्यावरच्या) ओव्या, विहिरीतून बैलांनी पाणी ओढायच्या मोटेवरची गाणी, अखाजीची (अक्षय तृतीयेची) झोक्यावरची गाणी. लागोपाठच्या चार बैठका पाहून हे लिहीत आहोत. एकत्र बसून गाण्याच्या जागा खान्देशात कमी नाहीत. गावोगाव भजनी मंडळं आहेत, शहरात कराओके आहे. इथला नियम मात्र वेगळा आहे : हाताला काम असल्याशिवाय गाणं सुरू करायचं नाही. बैठकीचं सगळं मोल या एका नियमात आहे, आणि जिथे तो सैल सोडला जातो तिथे बैठक ढेपाळते.

आधी शँटीबद्दल, कारण इथे आयोजकांची तयारी चांगली आहे. गाणी निवडताना स्टॅन ह्यूगिल यांचा १९६१ सालचा संग्रह आधाराला घेतला आहे. ह्यूगिल (१९०६–१९९२) स्वतः खलाशी. ‘गार्थपूल’ या शिडाच्या ब्रिटिश मालवाहू जहाजावर ते शँटी सांगायचे. ते जहाज १९२९ मध्ये फुटलं. बैठकीत गाण्यांचा क्रम कामाप्रमाणे लावलेला आहे. नवख्या माणसाला शँटी कळण्याची हीच वाट सगळ्यांत सोपी.

लांब ओढीची शँटी वर सांगितली : एका धृपदाला दोन हिसके. आखूड ओढीच्या शँटीत धृपदाच्या अगदी शेवटच्या अक्षरावर एकच हिसका, पण जीव खाऊन. शीड जवळजवळ ताणलेलं असताना शेवटची चार बोटं काढायला ती लागायची. भुसावळकडच्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. पहारी लावून रूळ सरकवणाऱ्या रेल्वेच्या गँगचा मुकादम ओळ टाकतो, गँग ‘हैशा’ म्हणते, आणि जोर ‘शा’वर लागतो. एवढं सांगितल्यावर पहिल्यांदा आलेली माणसंसुद्धा दुसऱ्या फेरीत बरोबर ओढतात. पहिल्या फेरीत हमखास होणारी चूक म्हणजे म्होरक्याच्या ओळीवरच ओढायला लागणं. तसं केलं की धृपदाच्या वेळी हात दमलेले असतात, आवाजही निघत नाही.

तिसरा प्रकार फिरकीचा. नांगराचा साखळदंड गुंडाळायला जहाजावर उभा रहाट असायचा. त्याला आडवे दांडे लावून माणसं छातीने रेटत गोल चालायची. इथे ट्रॅक्टर-ट्रॉलीचा जुना हब जमिनीत रोवलाय, त्यावर चार बांबू आडवे पक्के केलेत आणि हबला दोर गुंडाळून दुसऱ्या टोकाला दगड भरलेली लोखंडी घमेली ठेवलीत. या कामात हिसका नसतो, सलग चाल असते, म्हणून गाणीही लांब धृपदाची, कूच केल्यासारखी. मिनिटाला ऐंशी-पंचाऐंशी पावलं बरी पडतात. शंभरीकडे गेलं की आतल्या बाजूचा माणूस निवांत चालतो आणि बांबूच्या टोकाचा धावतो; रांग फाटते, सूर मागे पडतो. उंच माणसं टोकाला ठेवावीत. आयोजक हे पाहत नाहीत, ज्याला जिथे जागा मिळेल तिथे तो उभा राहतो. सोपी सुधारणा आहे, करावी.

शँटी आणि खान्देश यांचं नातं जोडण्यासाठी ओढाताण करावी लागत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मोबाईल, न्यू ऑर्लिन्स या बंदरांत जहाजाच्या पोटात कापसाच्या गाठी मोठ्या स्क्रू-जॅकने दाबून ठासत. ते काम करणाऱ्या टोळ्यांची, त्यात काळ्या मजुरांची, गाणी खलाशांनी उचलली आणि पुढे जहाजांवर नेली. शँटीच्या मोठ्या भागाची मुळं तिथे आहेत. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीत त्या बंदरांचा कापूस अडकला आणि इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या. खान्देशातला कापूस त्याच तेजीत मुंबईच्या बंदराकडे धावला. म्हणून जिनिंगच्या फरशीवर उभं राहून गाठी ठासण्याचं गाणं म्हणणं इथे शोभेचं वाटत नाही. आयोजक हा इतिहास दोन वाक्यांत उरकतात. दहा मिनिटं द्यायला हवीत, कारण समोर बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरी कपाशी आहे.

भाषेचा प्रश्न त्यांनी छान सोडवला आहे. धृपद इंग्रजीच, चार-पाच शब्दांचं, तोंडाने तीनदा म्हणवून घेतलेलं. म्होरक्याची ओळ मात्र अहिराणीत, तिथल्या तिथे जुळवलेली. परंपरेला हे धरूनच आहे. शँटीत धृपद ठरलेलं असे आणि मधल्या ओळी म्होरक्या वेळेवर रचे. जेवणाची तक्रार, कप्तानाची नक्कल, बंदरावरची आठवण, जे सुचेल ते. एका फेरीत म्होरक्याने ‘कपाशीनी गाडी चालनी बजारले’ अशी सुरुवात केली, पुढच्या ओळीत भाव पडला, त्याच्या पुढच्या ओळीत गाडी तशीच परत वळली, आणि दर ओळीनंतर आठ जणांचा तोच ठाम हिसका. शँटी कशी जिवंत राहिली असेल ते त्या दोन मिनिटांत दिसलं. ओळ जुळवताना एक पथ्य पाळावं लागतं : ती एका श्वासात संपली पाहिजे. लांबली की ओढणारे लटकून राहतात आणि मागच्याच्या वेढ्यावर सगळा भार येतो. मूळ गाण्यांपैकी बऱ्याच गाण्यांतल्या ओळी घरच्या मंडळींसमोर म्हणण्यासारख्या नसतात. अहिराणी ओळींमुळे ती अडचणही सुटते.

२०२१ च्या जानेवारीत जगभर मोबाईलवर फिरलेल्या ‘वेलरमन’ या न्यूझीलंडच्या देवमाशाच्या शिकाऱ्यांच्या गाण्याची फर्माईश दर वेळी होते. कसोटी लावली तर ते दोर ओढण्याचं गाणं नाही, निवांत वेळचं कथागीत आहे. खलाशी अशी गाणी काम संपल्यावर डेकवर बसून म्हणत. बैठकीत ते शेवटी, दोर गुंडाळून झाल्यावर, सगळ्यांनी खाली बसून म्हटलं जातं. जागा अचूक निवडली आहे.

चहानंतरचा भाग घरोटाचा, आणि आमच्या मते हाच या बैठकीचा गाभा. दोन घरोट आहेत. एकेकावर दोन बाया समोरासमोर, एक पाय लांब, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. दळायला कळण्याचं धान्य, चार भाग ज्वारीला एक भाग उडीद आणि खडेमीठ. एकीने ओवीचा पहिला चरण म्हणायचा, दुसरीने तो उचलायचा, मग दुसरा चरण. घास डाव्या हाताने पडतो, तोही फेरा न मोडता. पुस्तकात ओवी दोन ओळींची दिसते. घरोटावर ती जवळजवळ दुप्पट होते, कारण दगडाचा फेरा भरून काढायला ‘बाई’, ‘गं’, ‘माझ्या’ असे शब्द मध्ये येतात, अर्धा चरण पुन्हा म्हटला जातो. छापताना ही भर गळून जाते. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या जमवल्या, पुढे गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात लाखाहून जास्त ओव्या नोंदल्या गेल्या. कागदावर न येणारी ती भर मात्र ऐकायची तर दगड फिरताना, गाणारीच्या शेजारी बसूनच ऐकावी लागते. इथे ते मिळतं, आणि शंभर रुपयांत मिळतं.

एका बैठकीत घरोट जड चालत होतं. पीठ भरड पडत होतं आणि गाणाऱ्या मावशींना दर चरणात श्वास तोडावा लागत होता. दगड गुळगुळीत झाला होता, टाकी लावायला (छिन्नीने खाचा पाडायला) हवी होती. पुढच्या महिन्यात टाकी लावून घेतली, पण लगेच दळायला बसवलं. टाकी लावल्यावर आधी थोडी भरड दळून टाकून द्यायची असते, नाहीतर पिठात कच येते. ती आली, आणि त्या दिवशीच्या भाकरी करकरल्या. घरोट ज्या घरात रोज चालायचं तिथे हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. बैठकीला येणाऱ्या आजींपैकी एकीला दगडाची जबाबदारी मान देऊन सोपवली तर असं होणार नाही.

दोन गोष्टी खटकल्या त्या स्पष्ट सांगतो. आजींसमोर माईक ठेवला जातो. माईक आला की त्या माईककडे वळून गातात, खुंट्यावरचा हात हलका होतो, दगड मंदावतो, आणि मागे उरतं ते फक्त एक पाठ म्हटलेलं गाणं. पत्र्याच्या छताखाली तीस माणसं असताना माईकची गरज नाही. लोकांना जवळ बसवा. दुसरी गोष्ट बहिणाबाईंची. आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या, जळगावच्या घरात दळता-कांडताना गाणी रचणाऱ्या बहिणाबाई चौधरींशिवाय ही बैठक पुरी होणार नाही, हे मान्य. पण त्यांच्या रचना भावगीताच्या चालीवर, पेटी घेऊन म्हटल्या जातात आणि शेजारी घरोट नुसतं मांडून ठेवलेलं असतं. भावगीताची चाल फेऱ्याला बसत नाही, म्हणून दगड थांबवावा लागतो. निदान दोन रचना तरी ओवीच्या सुरात, दळताना म्हणून पाहाव्यात. आणि निवेदनात त्यांची भाषा अहिराणी म्हणून सांगितली जाते. ती लेवा गणबोली आहे. जळगाव-यावल-रावेरकडच्या माणसाला हा फरक लगेच कानाला लागतो. अहिराणी धुळे, साक्री, शिरपूर, अमळनेरकडची. दोन्ही आपल्याच आहेत, म्हणून तर नाव बरोबर घ्यावं.

मोटेचा भाग सगळ्यांत कच्चा. आवारात विहीर नाही, मोट नाही, म्हणून ही गाणी खुर्चीवर बसून म्हटली जातात आणि वीस मिनिटांत माणसं मोबाईल काढतात. उपाय त्याच आवारात आहे. मोट ओढताना बैल धावेच्या उतारावरून खाली जातात तेव्हा नाडा (मोटेचा दोर) ताणलेला, चाल जड, सूर लांब. पाणी विहिरीच्या काठच्या थारोळ्यात पडलं की विसावा. बैल वर येईपर्यंत हलकी ओळ. शँटीतही असाच एक प्रकार आहे : दोर खांद्यावर घेऊन सगळ्यांनी डेकवरून सरळ चालत जायचं. तोच काथ्याचा दोर, तीच पोती घ्या, सहा जणांना वीस पावलं चालत जाऊ द्या आणि परत या. मोटेचं गाणं लगेच त्याच्या लयीत येईल. विजेच्या मोटरी आल्यावर मोट गेली, तरी तिची लय पायांत उरलेली माणसं अजून आहेत. ती असतानाच हे करून घ्यायला हवं.

अखाजीची गाणी मात्र झोक्यावरच होतात. आवारातल्या लिंबाला दोन दोर, मध्ये फळी. झोका पुढे जाताना एक गट, मागे येताना दुसरा. माहेरवाशिणी एकमेकींना चिडवणाऱ्या ओळी टाकायला लागल्या की हा भाग वेळेत संपत नाही आणि संपवूही नये.

आता सगळ्या बैठकीला लागू होणारे दोष. टाळ्या सगळ्यांत त्रासाच्या. दोर न धरलेली माणसं दर ठोक्याला टाळी वाजवतात, टाळी हळूहळू पुढे पळते, दोरावरची माणसं मागे राहतात आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत दोन लयी होतात. टाळी बंद करून पाय आपटायला सांगा. वजन पायावर असलं की लय पळत नाही. सुरू करण्याची पट्टीही चुकते. पुरुष पेटीवरच्या काळी एकमध्ये रुळलेले, बायका काळी चार-पाचमध्ये, आणि म्होरक्या आपल्या सोयीने उंच धरतो. मग धृपदाच्या वरच्या सुरावर अर्धे लोक गप्प होतात. गाण्याचा पहिला सूर तपासण्यापेक्षा धृपदाचा सगळ्यांत वरचा सूर आधी गुणगुणून पाहावा, आणि मागच्या रांगेला तो आरामात लागतोय का ते ऐकावं. छापील शब्दांचे कागद वाटू नयेत. कागद हातात असलेला माणूस दोर धरत नाही आणि मानही वर करत नाही.

एका बैठकीत काथ्याच्या जागी नायलॉनचा दोर होता. नायलॉन ताणतो, त्यामुळे हिसका दोरातच जिरतो आणि पोती हलत नाहीत. शिवाय सरकला की तळहात भाजतो. दोघांच्या हातांना फोड आले. काथ्या किंवा सुती दोरच हवा. पोत्यांखाली उभं राहू नये म्हणून आखलेलं चुन्याचं वर्तुळ पहिल्या दोन बैठकींत होतं, नंतर दिसलं नाही. लहान मुलं येतात, ते दर वेळी आखलंच पाहिजे. मागच्या खांबावर नवख्याला ठेवू नका. ऐंशी किलो सुटले तर पोती थेट खाली येतील.

पंचवीस ते चाळीस माणसांत बैठक सगळ्यांत चांगली रंगते. एकदा सत्तरच्या आसपास माणसं होती. दोराला हात लागायला एकेकाला पाऊण तास थांबावं लागलं आणि मागचे गप्पांत रमले. दुसरी गराडी टांगायला तुळई पुरेशी आहे.

थंडीच्या महिन्यांत बैठकीनंतर भरीत-भाकरी असते, वेगळे ऐंशी रुपये. बामणोदची हिरवी वांगी पऱ्हाटीवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) भाजलेली, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे, सोबत त्याच संध्याकाळी दळलेल्या कळण्याची भाकरी. वांगी नीट भाजलेली असतात, तेल बेताचं. भाकरी मोजक्या होतात, कारण दोन घरोटांवर तासाभरात जेवढं निघेल तेवढंच पीठ. आधी सांगून ठेवलं तर मिळते.

येताना सुती रुमाल किंवा जुनं उपरणं आणा, दोराला हाताखाली धरायला. चप्पल घालून दोरावर उभं राहू देत नाहीत, आणि ते बरोबर आहे. शहाबादी फरशीवर चप्पल सरकते. पहिल्या वेळी दोरावर तिसरी किंवा चौथी जागा मागा. पुढच्या दोघांना म्होरक्याकडे पाहता येत नाही आणि मागच्या दोघांना ढील सांभाळावी लागते. मधल्या जागेवर समोरच्याच्या खांद्यावरून हिसका कधी येतोय ते दिसतं.